लव्हाळा शे का?

माझ्या सासूबाई माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. त्यांच्याकडची रीतच तशी. जावयासमोर सासूने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि जे काही सांगायचं ते तिसऱ्या माणसाला सांगायचं. धुळ्याच्या पुढे त्यांचं गाव. तिथे मी जेवायला बसलो की त्या चुलीकडे तोंड करून म्हणायच्या, “त्यासले सांग, भाकर गरम शे.” भाकरी माझ्यापासून हातभर अंतरावर असायची. मला ती दिसायची, तिचा वासही यायचा. तरी माझी बायको मान वळवून मला सांगायची, “आई म्हणते, भाकरी गरम आहे.” मी म्हणायचो, “आईंना सांग, एक पुरे.” ती आईला सांगायची, “अजून दोन वाढ.”

आमचं सगळं दळणवळण असं तिच्यामार्फत चालायचं, आणि ती त्यात आपल्या मनाने फेरफार करायची. सासरे गेले तेव्हा मी सासूबाईंना धीर द्यावा म्हणून एक मोठं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवतो, मोठी वाक्यं जुळवायची मला सवय. ते वाक्य मी बायकोच्या कानात सांगितलं. तिने आईला जाऊन एवढंच सांगितलं, “ते बी रडनात.” मी रडलो नव्हतो. पण सासूबाईंनी पदराआडून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मला वाटलं, माझ्या वाक्यापेक्षा हे बरं झालं.

मी एकदा अहिराणी शिकायचाही प्रयत्न केला होता. बायको हसून लोटपोट झाली. म्हणाली, “तुमची अहिराणी ऐकून आमच्याकडची गुरं दूध आखडतील. तुम्ही आपलं मराठीच बोला, मी आहे ना.”

मी आहे ना. हे तिचं नेहमीचं होतं.

तीन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर ती गेली. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, चार दिवस कुणाची सून नसतात. तिची पिशवी भरलेली होती. पोटाचं दुखणं आठ दिवसांचं म्हणून दवाखान्यात गेलो आणि तिथून परत आणला तो तिचा देहच. भरलेली पिशवी कितीतरी दिवस पलंगाखाली होती.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. आमची मुलगी कोपऱ्यावर रिक्षा आणायला गेली होती. घरात आम्ही दोघंच, मी आणि सासूबाई. त्या दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाल्या, “आते मी जास.” मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणालो, “आईंनी अजून राहायला हवं होतं.” चौकटीने माझ्यापर्यंत काही आणलं नाही आणि कॅलेंडरने त्यांच्यापर्यंत काही नेलं नाही. मधलं माणूसच नव्हतं. रिक्षा आली आणि त्या गेल्या.

पुण्याला कॉलेजात परत जाताना मुलगी मला म्हणाली, “पप्पा, आजी विचारत होती, आता या घरी मी कोणत्या नात्याने येऊ?”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगणार? मला तरी कुठे माहीत आहे.”

सासूबाईंना मुलगा नाही. शेत पुतण्या कसतो. एक खोली, एक शेळी आणि एकुलती एक लेक, एवढं त्यांचं होतं, त्यातली लेक गेली. इकडे जळगावात पिंप्राळ्याच्या घरात मी, आणि सुट्टीत येणारी मुलगी. आता खरं सांगायचं तर मला सासूबाईंची काळजी कमी आणि माझीच जास्त होती. लोक चार महिने तिच्याबद्दल बोलले, मग बोलायचे थांबले. ती लहानपणापासून कशी होती हे ज्याला माहीत आहे असं माझ्यासाठी जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्याशी बोलत नव्हतं. ते येणंही बंद झालं तर तिची अर्धी गोष्ट माझ्यासाठी कायमची संपणार होती.

घरामागे दोन गुंठ्यांची मोकळी जागा आहे. तो तिचा मळा. मळा हा तिचाच शब्द, मी त्याला परसबाग म्हणायचो म्हणून मला हसायची. भरताची हिरवी वांगी, मेथी, मिरच्या, गवार. ती असताना मी तिथे फक्त वांगी तोडायला जायचो, तीही चुकीची तोडायचो. ती गेल्यावर एका पावसाळ्यात तिथे लव्हाळा आला. आला म्हणजे काय, आधी असणारच, ती त्याला डोकं वर काढू देत नव्हती. आता त्याने वांग्याच्या आळ्यांपासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत सगळं धरलं. हिरवंगार, चमकदार, दुरून बघितलं तर कुणाला वाटावं सरांनी मुद्दाम लावलंय.

मी खुरपं घेऊन उतरलो. लव्हाळा उपटायला फार सोपा. धरला की हातात येतो. माणसाला वाटतं, जमलं. वर्गात मी मुलांना जमिनीचे थर शिकवतो, पण माझ्याच जमिनीत दोन विती खाली काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं. खाली सुपारीएवढ्या काळ्या गाठी असतात, एकीला दुसरी दोऱ्याने जोडलेली. वरची पात तुटली की खालची गाठ जागी होते, आणि एका पातीच्या जागी चार. मी दर रविवारी उपटत होतो आणि दर रविवारी तो वाढत होता. आम्हा दोघांत मेहनत मी करत होतो, प्रगती त्याची होत होती.

वर्षश्राद्ध आखाजीजवळच आलं. मुलीने आजीला फोनवर सांगितलं, “नातं-बितं मला माहीत नाही, तू ये.” आणि सासूबाई आल्या. आखाजीला लेक माहेरी जाते, त्या वर्षी आई लेकीच्या घरी आली. एसटीच्या धुळीने पांढरी झालेली पिशवी ओट्यावर ठेवली, पाण्याचा तांब्या घेतला आणि मागच्या दाराने सरळ मळ्यात गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. बराच वेळ त्या नुसत्या उभ्या होत्या. मग न्हाणीच्या भिंतीला म्हणाल्या, “आठे मनी पोरना मळा व्हता.”

भिंतीआडून मी ऐकलं.

त्यांनी पदर खोचला आणि बसून उपटायला लागल्या. आठ दिवसांत जायचं ठरवून आल्या होत्या. श्राद्ध झालं, आखाजीची पितरांची घागर भरून झाली, मुलगी पुण्याला निघाली, तरी त्या मळ्यातच. मुलीने विचारलं तर म्हणाल्या, “इतला उपटसू, मंग जासू.” आणि मी मनात म्हणालो, लव्हाळ्या, उपकार झाले.

मे महिन्याचं जळगावचं ऊन तुम्हाला माहीत असेल. सकाळी कोवळ्या उन्हात आणि संध्याकाळी सावली पडल्यावर आम्ही उपटायचो. त्या हौदाच्या बाजूने, मी न्हाणीच्या बाजूने, एकमेकांकडे पाठ करून. मध्ये खिडकीच्या कट्ट्यावर माझा फोन, स्पीकर चालू, आणि फोनमध्ये पुण्याहून आमची मुलगी. ही युक्ती तिचीच. पहिले काही दिवस तिलाही मजा वाटली.

“आजी, बोल.”

“तुना पप्पासले सांग, वरवर उपटू नका. खालनी गाठ काढा.”

“पप्पा, आजी म्हणते, गाठ काढा.”

“ऐकलं मी. आजीला सांग, गाठ निघत नाही, तुटते.”

“आजी, पप्पा म्हणतात...”

“आयकं मी बी. त्यासले सांग, जोर लावा. मास्तरना हात शे, पाटीवर चालस, मातीमा नही.”

“पप्पा, हे मी नाही सांगणार, तुम्ही ऐकलंच आहे. अहो, तुम्ही दोघं एकाच अंगणात आहात! मी इथे मेसच्या रांगेत उभी आहे!”

त्यावर सासूबाईंचे खांदे हलले. माझ्याकडे पाठ होती, पण हसल्या हे मला कळलं. तसंच खांदे हलवून बायको हसायची. मी गाठ शोधायच्या निमित्ताने खाली बघत राहिलो.

महिनाभर उपटूनही लव्हाळा तसाच. उलट आम्ही गाठी तोडून तोडून त्याची लागवडच केली होती. तेव्हा मी रावेरला एका मित्राच्या घरी लग्नाला गेलो. तो माझ्याबरोबर शिकवतो आणि वडिलांची केळीही बघतो. त्याला मी माझं रडगाणं सांगितलं. तो म्हणाला, “सर, लव्हाळा उपटून गेलाय कधी? त्याला फक्त सावलीचं भय. केळी लावायच्या आधी आम्ही ताग पेरतो, दाट, हात शिरणार नाही एवढा. ताग वर चढतो, खाली अंधार होतो, लव्हाळा पिवळा पडतो. मग कळ्या दिसल्या रे दिसल्या की ताग कोवळा कापायचा आणि तिथेच मातीत गाडायचा. खतही झालं. मग परत पेरायचा. दोन-तीनदा केलं की गाठी दमतात. पण एक लक्षात ठेवा, कळीवर गाडायचा. फुलं बघत बसलात तर लाकूड होतं.”

येताना त्याने बियाण्याची पिशवी बांधून दिली.

मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि फोनला सगळं समजावून सांगितलं. फोनने आजीला सांगितलं. सासूबाईंनी मूठभर बी तळहातावर घेतलं आणि त्यांचा चेहरा कसा तरी झाला, जुनं माणूस भेटल्यासारखा.

“ताग? ताग का कोनी मातीमा गाडस?” त्या म्हणाल्या. “ताग दोरसाठे ऱ्हास. मना बाप वळे.”

त्यांच्या वडिलांच्या शेताच्या कडेने तागाचा पट्टा असायचा. तो मुद्दाम मोठा होऊ द्यायचा, कापून डोहात भिजत घालायचा, साल सोलून तिचे दोर वळायचे. मोटेचे, दाव्याचे, आखाजीच्या झोक्याचे. हे सगळं त्यांनी मुलीला सांगितलं आणि मला ऐकू आलं. बायकोचा लहानपणचा झोका त्याच दोराचा होता, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. तर अशी आमची दोन मतं पडली. मी म्हणायचो कोवळा गाडायचा, त्या म्हणायच्या वाढू द्यायचा. “आधी पेरा तरी,” मुलगी म्हणाली, “मला लेक्चर आहे.”

मृगात पेरला. दाट म्हणजे काय ते मला कळेना, म्हणून मी फेकत गेलो आणि त्या मागून मातीआड करत आल्या. चार-पाच दिवसांत उगवला, आणि मग जो वाढायला लागला तो बघण्यासारखा. आधी लव्हाळा आणि ताग बरोबरीने चालले होते, मी तर लव्हाळ्यावरच पैज लावली असती. मग ताग गुडघ्याला आला, कमरेला आला. एकदा सकाळी सासूबाईंनी ताग दोन हातांनी बाजूला सारून खाली बघितलं आणि फोन लावलेला नसतानाच म्हणाल्या, “पिवळा पडना.” कुणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही. मीही वाकून बघितलं. खरंच पिवळा पडला होता, भूक लागलेल्या पोरासारखा मान टाकून.

ते दिवस बरे गेले. म्हणजे घरात शिजत होतं, संध्याकाळी मागच्या पायरीवर दोन माणसं बसत होती. मी वरच्या पायरीवर, त्या खालच्या, तोंडं तागाकडे. तागाला उद्देशून त्या तिच्या गोष्टी सांगायच्या. ती शेळीशी कशी भांडायची, शाळेत जाताना दप्तरात बोरं कशी लपवायची. मी तागाला सांगायचो, ती लग्नानंतर पहिल्यांदा भरीत करताना कशी जळलेलं वांगं घेऊन रडली होती. ताग ऐकून घ्यायचा. वारा आला की मान हलवायचा. गावाहून पुतण्याचा फोन यायचा, काकू, कधी येतेस? त्या म्हणायच्या, “ताग गाडू आनि येसू.” म्हणजे गाडण्यावर त्यांचं आता काही म्हणणं उरलं नव्हतं. पण त्या एका वाक्याने दिवस ठरून गेला. ताग मातीत गेला की सासूबाई गावी जाणार.

श्रावणात कळ्या दिसल्या.

रावेरहून मित्राचा फोन आला, “सर, कळी आली असेल, आता थांबू नका.” मी म्हणालो, हो, या रविवारी. नेमकी त्याच सुमाराला मुलीची परीक्षा लागली आणि तिने सांगितलं, आता पंधरवडाभर मला निरोपांसाठी फोन करू नका. झालं. तागाने कळी धरलीय हे सासूबाईंना दिसत होतं. मला दिसत होतं. दोघांनाही माहीत होतं की दुसऱ्याला दिसतंय. पण सांगणार कोण? त्या पायरीवर बसून तागाकडे बघत खाकरायच्या. मी विळ्याला धार लावायचो आणि विळा परत खुंटीला अडकवायचो. रविवार गेला. पुढच्या रविवारी मला शाळेचं काम निघालं, निघालं म्हणजे मी काढलं.

फुलं आली. पिवळीजर्द. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, “सर, काय सुंदर दिसतंय हो! बियांसाठी ठेवलाय का?” मी म्हणालो, “बघू.” सासूबाई तांब्या उचलून आत गेल्या. मुलीची परीक्षा संपली, तरी तागाचं तिला कुणी सांगितलं नाही. फुलं गळाली, फुगीर शेंगा लागल्या. त्या वाळायला लागल्या तसा त्यांच्यातून आवाज यायला लागला. वाऱ्याची झुळूक आली की सगळा मळा लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखा वाजायचा. जेवताना ऐकू यायचा, वाचताना ऐकू यायचा. आम्ही दोघंही आवाज येत नसल्यासारखे वावरत होतो.

दिवाळीला मुलगी घरी आली. पिशवी टाकून मागच्या दारात गेली आणि तिथूनच ओरडली, “हे काय करून ठेवलंय?”

ताग तिच्या डोक्यावरून गेला होता. बुंधे बोटासारखे जाड, लाकूड झालेले. पानं गळून गेली होती, खाली ऊन पडत होतं, आणि त्या उन्हात लव्हाळ्याने पुन्हा हिरवं डोकं वर काढलं होतं.

“गाडायचा होता ना कळीवर? पप्पा?”

मी म्हणालो, “आजीला विचार, त्या काही म्हणाल्या नाहीत.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “तुना पप्पासले म्हन, मी कशी सांगू? त्यासनं घर, त्यासना मळा.”

“आजीला सांग, मळा माझा कधीपासून झाला?”

“तुना पप्पासले म्हन...”

“बास!” मुलगी म्हणाली. एवढ्या जोरात की शेजारच्या काकूंचा नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. “मी नाही सांगणार. कुणाचंच कुणाला नाही सांगणार. मी आई नाहीये.”

आणि ती दाराच्या चौकटीत खाली बसली आणि रडायला लागली. आई गेल्यापासून आम्ही तिला असं रडताना बघितलं नव्हतं. तेव्हा पाहुण्यांना चहा देण्यात, मला गोळ्या देण्यात, आजीचे पाय चेपण्यात तिचं रडायचं राहून गेलं होतं. मग फोनवर आम्ही तिच्याकडून तिच्या आईचं काम करून घेत होतो, आणि ती मेसच्या रांगेत, बसमध्ये, रोज ते करत होती. आम्हा दोघांना आपापलं माणूस गेल्याचं कळत होतं. तिची आई गेली होती हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी तिच्या एका बाजूला जाऊन बसलो, सासूबाई दुसऱ्या बाजूला. दारात तिघं मावत नव्हतो. ताग वाजत होता.

दुसऱ्या दिवशी मी विळा काढला. कापायला घेतला तर हाताला घट्टे पडले, कळीवर असता तर लोण्यासारखा कापला गेला असता. सासूबाई मागून येऊन बसल्या. शेंगा आधी तोडून बाजूला केल्या, नाहीतर तागाचंच तण झालं असतं. कोवळे शेंडे आणि पाला आम्ही बारीक करून मातीत गाडला. उरलेल्या लाकडांचं काय करायचं ते मला सुचेना. सासूबाईंनी त्यांच्या पेंढ्या बांधल्या आणि कपडे धुण्याच्या हौदात पाण्याखाली दाबून ठेवल्या, वर दगड.

काही दिवसांत हौदाला असा वास सुटला की काय सांगू. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून भिंतीशी आल्या. “सर, तुमच्याकडे काही मेलंय का?” म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच कसंनुसं झालं. “म्हणजे उंदीर वगैरे...” मी म्हणालो, “नाही काकू, दोर करतोय.” त्यांना ते जास्तच विचित्र वाटलं असावं.

साल सुटली. सासूबाईंनी ती सोलली, धुतली, कपड्यांच्या तारेवर वाळवली. पांढरट, लांब, रेशमासारखी नाही पण केसांसारखी. मुलगी पुण्याला जायच्या आदल्या सकाळी त्या ओट्यावर बसल्या आणि वळायला लागल्या. बोटं थांबत थांबत चालत होती, विसरली होती. एकदा पीळ उलटा बसला, उसवून परत केला. दोन पदर तयार झाले. आता ते एकत्र वळायचे तर एका टोकाला माणूस हवं. मुलगी आत आंघोळीला गेली होती. त्यांनी घराकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग चौकटीकडे. दोर हातातून सुटून उलगडायला लागला होता.

त्यांनी ते टोक माझ्यापुढे केलं.

“धरा,” म्हणाल्या.

मी धरलं.

“ताठ धरा. सोडू नका.”

बस, एवढंच. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत होता, नजर दोरावर होती. पण ते मला होतं. भिंतीला नाही, तागाला नाही. मी टोक दोन्ही हातांनी धरून ओट्याच्या दुसऱ्या कडेला उभा राहिलो, त्या पिळत पिळत माझ्याकडे आल्या. मध्ये कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी नव्हतं, आणि त्या एका गोष्टीने मला असं भरून आलं की मी दोर सैल सोडला.

“सोडू नका म्हनं ना,” त्या रागावल्या. मी परत ताठ धरला.

दोर झाला. घरात बांधायला गाय नाही, म्हैस नाही. मुलीने अर्धा पुण्याला नेला, होस्टेलच्या खोलीत कपडे वाळत घालते. अर्धा माझ्याकडे खुंटीवर आहे. सासूबाई त्याच आठवड्यात गावी गेल्या. निघताना मळ्यात जाऊन आल्या, लव्हाळ्याचे कोंब बघून आल्या आणि रिक्षात बसताना, रस्त्याकडे बघत पण मला म्हणाल्या, “परत पेरना पडी.”

मग असं सुरू झालं. अधूनमधून त्यांचा फोन येतो. हॅलो नाही, नमस्कार नाही. आधी नुसता श्वास ऐकू येतो, मागे शेळी ओरडते, आणि मग, “लव्हाळा शे का?”

पहिल्यांदा मी उत्तर द्यायला फार वेळ लावला. मोठं वाक्य जुळवत होतो. मग एकच शब्द निघाला. “शे,” मी म्हणालो. बायको असती तर हसून खाली बसली असती. तिकडे कुणी हसलं नाही. “मंग येस मी,” त्या म्हणाल्या.

आल्या. उन्हाळ्यात पाणी देऊन ताग परत पेरला आणि या खेपेला कळीवर गाडला. त्यांनीच सांगितलं, “उद्या गाडू.” मला सांगितलं. कोवळा ताग मातीत दाबताना त्यांचा हात थोडा थांबला, माझाही थांबला, पण गाडला. कुजल्यावर त्यावर चवळी पसरली, जमीन दिसेनाशी झाली. पुढच्या पावसाळ्यात परत ताग. त्या दर वेळी येऊन राहिल्या आणि काम झालं की गेल्या. माती काळी, भुसभुशीत झाली आहे. यंदा मी वांग्याची रोपं लावली. रावेरचा मित्र बघून गेला, म्हणाला, “सर, जिंकलात. एक पात दिसत नाही.”

ही आनंदाची गोष्ट त्याला वाटली.

गेल्या आखाजीला त्या आल्या नाहीत. पुतण्याने सांगितलं, गुडघ्याने बसल्या आहेत, एसटीची पायरी चढवत नाही. मी दोनदा जाऊन भेटून आलो. पण तिथे पुतण्याची माणसं असतात, त्यांच्या देखत त्या परत पदर ओढतात आणि चुलीकडे बघून म्हणतात, त्यासले चहा द्या. मी चहा पितो आणि येतो. बोलणं फक्त फोनवर, आणि फोनवर बोलायचा विषय एकच आहे.

आज सकाळी फोन आला. श्वास. शेळी.

“लव्हाळा शे का?”

मी मागच्या दारात उभा होतो. समोर वांगी, मिरच्या, कडेने चवळी. स्वच्छ.

“शे,” मी म्हणालो. “भलता शे.”

तिकडे शेळी परत ओरडली. मला वाटतं, त्यांना कळलं. भूगोलाच्या मास्तराची अहिराणी लपत नाही, खोटं तर मुळीच नाही.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मी येस तोपर्यंत उपटू नका.”

फोन ठेवला आणि मी मळ्यात उतरलो. वांग्याच्या आळ्यांत बघितलं, चवळीचे वेल उचलून बघितलं, भिंतीच्या कडेने वाकून फिरलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, “सर, काही हरवलं का?” मी हो म्हणालो. शेवटी हौदाच्या मागे, जिथे ताग कधी पोचला नव्हता, तिथे एक पात दिसली. एकच, करंगळीएवढी, उन्हाने टोक करपलेलं.

मी घरात जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्या बुडाशी हळूच ओतलं.